मधली सावली

त्या माणसानं काठीचं टोक माझ्या खांद्यात खुपसलं. छातीचे फोटो काढायच्या खोलीत मी उघडाबंब, थंड पत्र्याला छाती लावून उभा होतो. त्याला माझे खांदे सरळ करायचे होते. पण मी महार. हात लावायचा नव्हता. म्हणून काठी. ती टोचली की मी अंग चोरायचो, अजूनच वाकडा व्हायचो. शेवटी वैतागून त्यानं तसाच फोटो काढला.

आम्ही उमरग्याहून सोलापूरला आलो होतो. मोगलाईत आमच्याकडं असलं यंत्र कुठलं? इंग्रजांच्या हद्दीत तरी माणसासारखं वागवतील, असं आईला वाटायचं. माझा खोकला हटत नव्हता आणि लग्न ठरलेलं होतं.

डॉक्टरांनी फोटो उजेडात धरला. दोन फुप्फुसांच्या मधली, काळजाभोवतीची सावली फार रुंद आहे म्हणाले. आत गाठ वाढतेय, इलाज नाही. आईला दारातच थांबवून सांगितलं, घरी न्या.

सोयरीक मोडली. मुलीच्या बापाला तरी काय बोलणार? मी बाजेवर पडून मरणाची वाट बघत राहिलो.

मरण काही आलं नाही. उलट खोकला गेला, अंगात ताकद आली. वर्षभरानं गाठीचं काय झालं ते बघायला आईनं पुन्हा तिथंच नेलं. तीच खोली, तोच माणूस. त्यानं काठी उचलली आणि माझं डोकं सणकलं. मी काठी धरली.

"काठी लावायची न्हाय. हातानं सरळ करा, न्हायतर फोटू नगं."

आरडाओरडा ऐकून डॉक्टर आले. हे नवे होते. त्यांनी स्वतः माझे खांदे धरून मला नीट उभं केलं. नंतर जुना आणि नवा फोटो शेजारी शेजारी धरून म्हणाले, "तेव्हा तू तिरका उभा होतास. म्हणून मधली सावली रुंद दिसली. गाठ नव्हतीच."

काठीवाला लगेच म्हणाला, "सांगून ऐकत नव्हता, साहेब. ही जातच अशी." डॉक्टरांनी दोन्ही फोटो पाकिटात घालून माझ्या हातात दिले.

वाटेत आई म्हणत राहिली, देवानं वाचवलं. मला राग आवरत नव्हता. कशापासून वाचवलं? एकाचा हात विटाळू नये म्हणून मी वर्षभर जिवंतपणी मेलो होतो.

त्याच आठवड्यात पाटलाचा गडी सांगावा घेऊन आला. म्हैस मेलीय, ओढायला या. आई सवयीनं उठली. मी तिला खाली बसवलं.

"पाटलास्नी सांगा, म्हैस तुमची हाय. तुमीच हात लावा. आमच्या घरातलं कुणी येणार न्हाय. आज न्हाय, उद्या बी न्हाय."