तोंडावर वाचलेली ओळ

पाळणाघर चालवणाऱ्या मावशी दाराआडून नुसतं रडणं ऐकून सांगत, मूल कोणाचं आणि भुकेलंय की दात येतोय. बावीस वर्षं दोन खोल्यांत लोकांची पोरं निजवून कानांना ही विद्या आली होती. जिभेला लगाम घालायची विद्या मात्र राहून गेली. गल्लीत कोणाकडे काय बिनसलंय ते मावशींना आधी कळायचं, त्या घराला मागाहून.

एक दिवस एका मोठ्या पाळणाघराचं पत्र आलं. तुमच्याकडच्या जुन्या मदतनीस बाईंना कामावर घ्यायचं आहे, आपलं मत कळवावं.

ती मदतनीस म्हणजे मुलांची ताई. दोन वर्षांपूर्वी मुलं दुपारी लवकर झोपावीत म्हणून तिला त्यांना सर्दीचं औषध पाजताना मावशींनी स्वतः पाहिलं होतं. त्याच दिवशी तिला घरी पाठवलं, तर जाता जाता ती पालकांसमोर म्हणाली, मावशी दुधात पाणी घालतात. औषधाचा राग महिन्याभरात निवला. दुधाचा अजून उकळत होता.

मावशींनी चार पानं लिहिली आणि दिरांना दाखवली. दीर कोर्टात बेलिफ म्हणून आयुष्य घालवून निवृत्त झालेले.

"वहिनी," ते म्हणाले, "साक्षीदाराच्या पिंजऱ्यात बोलला असतात तर बदनामीच्या दाव्यापासून पूर्ण कवच होतं, मनात विष असतं तरी. पत्राला अर्धंच. ज्यानं विचारलं त्यालाच सांगायचं, खरं वाटतं तेवढंच, आणि खुन्नस नको. खुन्नस दिसली की कवच गळालं."

मग गप्पच बसते, असं मावशी म्हणाल्या. दीर म्हणाले, बसा की, तिथली पोरं पितील औषध.

मावशी बसल्या नाहीत. दिरांनी ताईचा नट्टापट्टा खोडला, तिचं वर असलेलं नाक खोडलं, नवऱ्याची नोकरी खोडली. उरली औषधाची एक ओळ, ती मावशींनी कोऱ्या कागदावर उतरवली. बाकीच्या पानांचं काय करू, असं मावशींनी विचारलं, तर ते हसत म्हणाले, तिला एकटीला तोंडावर ऐकवा; तिसऱ्या कानावर गेलं नाही तर बदनामी कसली?

गंमत होती, पण मावशी खरंच ती चार पानं आणि तो कागद घेऊन तिच्या दारात गेल्या.

दार उघडायच्या आधीच रडणं ऐकू आलं. ताईच्या कडेवर तिचंच सात महिन्यांचं बाळ होतं.

"याचा कान दुखतोय," मावशी म्हणाल्या आणि बाळ काढून घेतलं.

"दोन दिवस रडतोय. पण औषध नाही दिलं, मावशी. तेव्हापासून हातच धजत नाही."

"डॉक्टरनं दिलं तर द्यावं गं, बये."

बाळ खांद्यावर हुंदके देत शांत झालं. पिशवीतली चार पानं पिशवीतच राहिली. मावशींनी फक्त ती एक ओळ वाचून दाखवली.

"ही काढणार नाही ना तुम्ही?"

"नाही. पाहिलंय मी."

ताईनं मान हलवली. मग म्हणाली, "दुधाचं खोटं होतं."

मावशींनी तिच्याकडूनच पेन मागितलं आणि खाली लिहिलं: मुलं हिच्या हाकेला धावत येत. चूक तिला विसरता आलेली नाही, हे आज तिच्या घरी पाहिलं.

ताईला काम मिळालं. औषधांच्या कपाटाची किल्ली मात्र दुसरीकडे.

गल्लीनं मावशींना खोदखोदून विचारलं, पत्रात काय लिहिलंत? मावशी म्हणाल्या, ज्यांनी विचारलं त्यांना सांगितलं. संध्याकाळी दोघी शेजारणी मावशींच्या तब्येतीची चौकशी करून गेल्या.