नलिनीचं गाऱ्हाणं, ऑर समथिंग

घाटकोपरच्या नलिनीची शाळा सातवीत सुटली. इंग्रजी ती शिकली दातांच्या दवाखान्यात, पेशंटना आत सोडता सोडता. तिथले डॉक्टर म्हणायचे, "एक दात काढू, मे बी अजून एक, ऑर समथिंग." पेशंट मान डोलवायचा. नलिनीला हे भारी आवडलं. नक्की काही सांगायचं नाही, पण जागा धरून ठेवायची! मग तीही घरी सांगून निघायची, "कोथिंबीर आणते, ऑर समथिंग," आणि रिक्षातून खुर्ची घेऊन उतरायची. तिचे यजमान, ज्यांना सगळे नाना म्हणतात, कपाळाला हात लावायचे.

यंदा नानांच्या घशाचं ऑपरेशन झालं नि आवाज गेला. गणपतीपुढे घरादाराच्या वतीने गाऱ्हाणं घालायचा मान त्यांचा. धाकटा दीर देवदत्त म्हणाला, "गेल्या वर्षीचं मोबाईलवर आहे, तेच लावू."

"आणि देव त्याच मागण्या परत ऐकत बसणार? मी घालते."

"वहिनी, बायकांनी कधी घातलंय?"

नानांनी खुणेनंच नलिनीला पुढे केलं. विषय संपला.

तेवढ्यात देवदत्तची लेक अक्षता स्वयंपाकघरात आली. तिला ऑफिसातल्या धम्मपालशी लग्न करायचं होतं आणि बाप घरात त्याचं नावही काढू देत नव्हता.

"काकू, माझ्यासाठी प्रमोशन माग."

"आणि?"

"आणि... बाबा असतील गं समोर."

"असू दे. मी आहे ना!"

मालवणी गाऱ्हाण्यात एकाने मागायचं आणि बाकीच्यांनी एका दमात "व्हय म्हाराजा" म्हणायचं. लहानपणापासूनची सवय, ते तोंडातून आपसूक निघतं. नलिनीने हात जोडले.

"बा देवा म्हाराजा, नानांचो आवाज परत येवंदे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"अक्षताक बढती गावंदे, ऑर समथिंग, रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"आणि ता समथिंग म्हंजे धम्मपाल, तेका ह्या घरात जावयाचो मान मिळांदे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळ्यांत खणखणीत आवाज देवदत्तचा. म्हणून झालं आणि मग त्याचे डोळे मोठे झाले.

"वहिनी, ही चीटिंग आहे!"

"कसली? मी देवाशी बोलत होते. मध्ये ओरडलास तू."

नानांचे खांदे हसून हसून हलत होते. देवदत्त गणपतीकडे बघत राहिला. घरात कितीही आरडाओरडा करेल, पण मूर्तीसमोर दिलेला होकार परत घ्यायची त्याची छाती नव्हती. अक्षता पदराशी चाळा करत उभी.

"मासे तरी खातो का तो?" त्याने तिच्याकडे न बघताच विचारलं.

"खातो, बाबा."

"मग विसर्जन होऊ दे. नंतर बोलव जेवायला."