पेंढ्याला सात पाणी

राग गिळला की पोटात किस्से साठतात, असं माझं मत झालंय. मी सोमवार करते, चतुर्थी करते, चातुर्मासात रोज कहाणी वाचते. एका चातुर्मासात तर ‘रागवायचं नाही’ असाच नेम धरला होता. चार दिवस टिकला! कारण त्याच वर्षी माझी धाकटी नणंद वनिता पीएच.डी.ला लागली.

दोन हजार पाच-सहाचे दिवस. आम्ही टोकावड्याजवळचे, भातशेतीवाले. वनिताचा विषय म्हणजे आमच्या खळ्यावरचा पेंढा. त्यात म्हणे डोळ्यांना न दिसणारे बारीक धागे असतात. पेंढा कॉस्टिक सोड्यात शिजवायचा, धुवायचा, पांढरा करायचा आणि मग वाटून वाटून ते धागे सुटे करायचे. शेवटी हाताला लागतो तो पांढुरका, थलथलीत गोळा. नाव नॅनोसेल्युलोज. कुरडयांसाठी गव्हाचा चीक काढतो ना, तसाच दिसतो. म्हणून सासूबाई त्याला ‘वनीचा चीक’ म्हणायच्या.

*

वनिताचे गाइड म्हणजे ‘सर’. कॉलेजचं नाव लिहीत नाही, नाहीतर पुन्हा नेम मोडायचा.

पहिल्याच दिवशी सर म्हणाले, “पेंढा? हे गुरांचं खाणं आहे, संशोधन नाही!” नंतर म्हणाले, “करायचंच असेल तर शिजवणं-धुणं घरी उरकून आणत जा. लॅबमध्ये घाण नको.” लॅबमध्ये वाफ ओढून घेणारं एक खास कपाट होतं. त्यात काय होतं? जुन्या उत्तरपत्रिकांचे गठ्ठे!

मग आमच्या परसात चूल पेटली. वनिता पेंढा आणायला वळली आणि तेवढ्यात सासूबाईंनी सोड्याच्या पाण्याचं स्टीलचं पातेलं उचलून घेतलं. प्रेमानं आपला ॲल्युमिनियमचा मोठा टोप पुढे केला आणि ते पाणी त्यात ओतलं. जे काही फसफसलं! वनिता ओरडली, “आई, लांब हो!” टोपाच्या बुडाची पार चाळण झाली.

“माझ्या लग्नातला टोप खाल्ला गो तुज्या पेंढ्यानं!”

“पेंढ्यानं नाय आई, सोड्यानं. लॅबमधे काचेच्या भांड्यात करतात.”

“मंग सरांना सांग, उत्तरपत्रिका चुलीत घाला नि भांडी बाहेर काढा!”

*

सोडा काही धुऊन निघेना. वनिता लगदा फडक्यात बांधून जोर लावून पिळायची आणि त्याच्या गुठळ्या व्हायच्या. दोन महिने हेच चाललं. शेवटी न राहवून मी म्हटलं, “अगं, कुरडईचा चीक आपण पिळतो का? बसू दे त्याला. वरचं पाणी अलगद ओत, नवीन घाल. पुन्हा बसू दे.”

सातव्या पाण्याला लगदा असा सुटा झाला, की वनितानं तिथेच माझा गालगुच्चा घेतला. वहीत लिहिलं, ‘सात पाणी. पिळायचं नाही. (वहिनी)’

सरांनी लाल पेनानं ‘वहिनी’ खोडलं. म्हणाले, “संशोधनात नातेवाईक नसतात!”

मला त्याचं काही नाही. पण पेन केवढं दाबलं होतं! मागच्या पानावर उमटलं.

*

मधेच शहापूरहून पाहुणे आले, वनिताला बघायला. मुलाच्या आईनं विचारलं, “मुलगी शिकते म्हणजे नेमकं काय करते?”

वनितानं बिचारीनं सगळं सांगितलं, धाग्यापासून गोळ्यापर्यंत.

बाई नवऱ्याकडे बघून हसल्या. “पेंढ्याची कामं आमच्याकडे गडी करतात.”

माझ्या हातात पोह्यांच्या बशा होत्या. मी स्वभावानं मऊ आहे, कुणालाही विचारा. पण तशीच मागे फिरले. म्हटलं, “राहू द्या. पोहेसुद्धा भाताचेच असतात, तुम्हाला चालायचे नाहीत!”

*

वाटायचं काम कॉलेजात. तेव्हा लोडशेडिंगनं वीज दोनच तास यायची. एकदा मी डबा द्यायला गेले, तर मिक्सर बंद आणि वनिता मोरीत कप विसळतेय!

“हे काय गं?”

“सरांकडे पाहुणे आलेत, वहिनी. सर म्हणतात, चहा मुलींच्याच हातचा चांगला होतो.”

कप पुसून तिनं भांडं मिक्सरवर ठेवलं, बटण दाबलं आणि वीज गेली. सर दारात उभे. “वनिता, तुझ्या कामात नियोजन नाही!”

मी बाकावर बसून जपमाळ काढली. एकशे आठ मण्यांवर एकच नाव घेतलं. ते देवाचं नव्हतं!

*

एकदा वनितानं चांगला वाटून आणलेला गोळा झाकून ठेवला होता. सासूबाईंना वाटलं, आंबेल. त्यांनी तो पापडासारखा प्लास्टिकवर पसरून उन्हात घातला. वाळलेल्या गोळ्याचे धागे पुन्हा सुटे होत नाहीत. तीन महिन्यांची मेहनत गेली! वनिता ओसरीत बसून रडली.

पण जो पापुद्रा निघाला, तो काय होता सांगू? पातळ, आरपार दिसणारा, आणि ओढून ओढून फाटेना. सासूबाई त्यातून माझ्याकडे बघत म्हणाल्या, “पोरी, तू दिसतेस गो पल्याड!”

वनितानं तो सरांना दाखवला. सर आधी ओरडले, “हे असले घरगुती प्रकार माझ्याकडे चालणार नाहीत!” पंधरा दिवसांनी मी डबा द्यायला गेले, तर पापुद्रा सरांच्या टेबलाच्या काचेखाली! आणि सर कुणाला तरी सांगत होते, “हा माझा कागद.”

*

आता शेवटचं. मोठ्या संस्थेतून एक वयस्क बाई काम पाहायला येणार होत्या. आदल्या दिवशी वनितानं त्यांना द्यायचा छापील अहवाल पाहिला. वर एकच नाव होतं, सरांचं. तिचं आतसुद्धा कुठे नाही. हे काम सरांचं ठरलं, तर तिच्या प्रबंधात उरणार काय? चार वर्षं गेली असती. मी म्हटलं, “उद्या भांडू आपण. मी येते.”

ही वनिता म्हणजे माझ्या व्रतांची टिंगल करणारी. “वहिनी, तुझ्या उपासानं कुठला धागा सुटतो?” म्हणायची. ती सकाळी आंघोळ करून देवासमोर आली आणि म्हणाली, “वहिनी, मौन कसं धरतात?”

मी सांगितलं. संकल्प करायचा, पाणी सोडायचं, दिवस मावळेपर्यंत तोंड उघडायचं नाही. तिनं ओंजळीतलं पाणी सोडलं. गोळ्याचा डबा घेऊन मी तिच्यासोबत गेले.

सर छान बोलले. बाईंनी पापुद्रा उजेडात धरून पाहिला. विचारलं, “धुण्याची पद्धत काय? सोडा काढलात कसा?”

सरांनी सवयीनं मान वळवली. “वनिता, सांग मॅडमना.”

वनितानं हात जोडले.

“अगं, सांग ना!”

मी म्हटलं, “तिचं आज मौन आहे, सर.”

“आजच?” सर घामाघूम. “वहिनी, तुम्ही तरी समजवा. एक वाक्य बोलली तर देवाला चालेल!”

“मोडलं तर व्रत पहिल्यापासून करावं लागतं, सर. म्हणजे उद्याही मौनच.”

“मग तुम्ही सांगा, तुम्हाला माहीत आहे!”

“मी नातेवाईक आहे.”

बाई आळीपाळीनं आम्हा तिघांकडे बघत राहिल्या. मग त्यांनी पर्समधून पेन काढलं, समोरचा अहवाल वनिताकडे सरकवला आणि मला विचारलं, “मौनात लिहिलेलं चालतं का हो?”

“चालतं, बाई,” मी म्हटलं. “लिहिलेलं चालतं.”

वनितानं पेन घेतलं. अहवालाच्या पहिल्या पानावर आधी आपलं नाव लिहिलं, वडिलांच्या नावासकट, पूर्ण. मग त्याखाली लिहिलं, ‘सात पाणी. पिळायचं नाही.’ आणि कंस करून, पेन चांगलं दाबून, ‘वहिनी’.