पुढे ढकललेली मॅच

इंग्लंडमधल्या रीडिंगच्या आमच्या क्रिकेट टीमला वरच्या डिव्हिजनमध्ये जायला शेवटची मॅच जिंकायचीच होती. त्या दिवशी सकाळपासून मेला पाऊस रिपरिपत होता. समोरचा कॅप्टन म्हणाला, ओल्यातच खेळू. ओला बॉल आमच्या फास्ट बोलरच्या हातातून सटकेल म्हणून मीच हट्टाने मॅच दोन आठवडे पुढे ढकलायला लावली. त्याच आठवड्यात त्याचा प्रोजेक्ट संपला आणि कंपनीने त्याला पुण्याला परत पाठवलं. मॅचच्या दिवशी राग यावा इतकं लख्ख ऊन होतं. त्याच्या जागी कोणी मिळालं नाही. दहाच जण खेळलो आणि हरलो. मॅच संपताच त्याचा फोन आला, "काय झालं रे?"

"अरे, पाऊस. खेळच झाला नाही."

"बरं झालं," तो म्हणाला, "म्हणजे अजून चान्स आहे."