पुढे पाठवलेली माणसं

ड्यूटीवरून आल्यावर मागच्या अंगणात आंघोळ केल्याशिवाय घरात शिरायचं नाही, हा नियम आईने मला नोकरी लागली त्याच आठवड्यात केला. मयतीवरून आलेला माणूस जसा बाहेरच आंघोळ करतो, तसंच हे. फक्त तिने त्यात एक सवलत ठेवली होती. त्या दिवशी दवाखान्यात कोणी गेलं असेल तर डोक्यावरून पाणी, नाहीतर नुसतं अंगावरून. मी फाटक उघडलं की अंगणातल्या चुलीपाशी बसल्या बसल्या ती विचारायची, "आज डोक्यावरून घेतं का?" मी हो किंवा नाही म्हणायचे. तेवढ्यावर ती किती पाणी तापवायचं ते ठरवायची.

आमच्या घरात पदवी घेतलेली मी पहिली. वडील वांगी-मेथी पिकवतात, आई ती आठवडी बाजारात विकते. नर्सिंगचा अर्ज आमच्या शाळेतल्या बाईंनी स्वतः भरून दिला आणि कॉलेजात सोडायला बाबा माझी पेटी खांद्यावर घेऊन आले होते. हे मी विसरलेले नाही. म्हणूनच तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात, अपघात विभागात काम करताना मला जे होऊ लागलं, ते घरी सांगायला जीभ रेटेना. डोक्यावर भाजीच्या पाट्या वाहिलेल्या बाईला मी काय सांगणार होते? की एसटीत बसून जायच्या नोकरीचा मला त्रास होतो?

आमच्याकडे येणारा पेशंट एकतर बरा होऊन घरी जातो, नाहीतर आमच्यासमोर जातो. पण बरेचजण या दोन्हींत नसतात. ज्यांना आमच्याकडे ठेवता येत नाही, त्यांना सलाईन लावून, रक्त थांबवून आम्ही ॲम्ब्युलन्सने अकोल्याच्या मोठ्या दवाखान्यात पाठवतो. माझं अक्षर चांगलं म्हणून रजिस्टर माझ्याकडे असायचं. अशा पेशंटच्या शेवटच्या रकान्यात मी लिहायचे, 'पुढे पाठवले'. त्यापुढे आम्हाला काही कळत नाही. कोणी कळवत नाही, आणि दुसऱ्या दिवशी नवी गर्दी असते.

एका सकाळी अशीच एक बाई आली. नवऱ्याच्या मोटारसायकलवर मागे बसून ती सुलतानपूरला माहेरी निघाली होती. पदर चाकात गेला आणि ती रस्त्यावर आपटली. डोक्याला मार होता, पण ती शुद्धीवर होती. मी जखम दाबून धरली होती. तिने माझं मनगट धरलं आणि म्हणाली, "सिस्टर, वाचतो ना वं मी?"

मी म्हणाले, "हो. वाचतेस तू."

दहा मिनिटांत तिची ॲम्ब्युलन्स निघाली. मी रजिस्टरमध्ये नेहमीचे दोन शब्द लिहिले.

त्या दिवशी आईने नेहमीसारखं विचारलं. मी म्हणाले, "घेते डोक्यावरून."

"कोण गेलं?"

"माहीत नाही."

"माहीत नाही म्हंजे? माणूस मेला का नाही मेला, हे सिस्टरले माहीत नसते?"

त्यानंतर मी रोजच डोक्यावरून पाणी घेऊ लागले. रोज कोणीतरी पुढे पाठवलेलं असायचंच. थंडी आली, केस वाळेनात, सर्दी हटेना. आई म्हणायची, "तुह्या दवाखान्यात रोजच मरून राह्यले का लोकं?" मी हसून वेळ मारून न्यायचे.

दवाखान्यातही एक बदल झाला होता, तो माझ्या आधी इतरांना दिसला. मी पेशंटशी बोलणं बंद केलं होतं. सुई लावायचे, पट्टी बांधायचे, बीपी घ्यायचे. हाताला काम बरोबर जमत होतं. पण कोणी "बरं वाटंल ना?" विचारलं की मी मान वळवायचे. हो म्हणायची मला भीती बसली होती.

एक दिवस आमच्या इन्चार्ज सिस्टरांनी मला ड्रेसिंगच्या खोलीत बोलावलं. त्यांची नोकरी माझ्या वयाइतकी झाली होती.

"तीन नंबरची म्हातारी विचारत होती, ही सिस्टर मुकी आहे का म्हणून. मी म्हटलं, नाही हो, घरी लई बोलते, इथं पगारात बसत नाही."

मी हसले नाही. त्यांनी दार लोटलं. मग मी सगळं सांगितलं. ती बाई, ते 'हो', ते डोक्यावरचं पाणी. शेवटी म्हणाल्या, "रजिस्टर आण. नंबर असेल तिथं. लाव फोन."

"आणि ती गेली असेल तर?"

"तर गेली असेल. तू रोज एकीला मारतेस आणि रोज एकीला जिवंत करतेस, त्यापेक्षा बरं."

नंबर त्यांच्या गावच्या किराणा दुकानाचा निघाला. घाईत ज्याचा पाठ असेल त्याचा नंबर लोक देतात. दुकानदाराने कोण, कुठून, सगळं विचारलं आणि सांगितलं, "ते बाई? ते तर चौथ्या दिवशी गेली, मॅडम." मग, मी नको म्हणेपर्यंत, त्याने शेजारून तिच्या नवऱ्याला हाक मारली.

मला वाटलं हा आता मला बोलणार. तो म्हणाला, "तुम्ही त्याच का, डोकं दाबून धरणाऱ्या? अकोल्यापावतर मले म्हणत होती, रडू नका, सिस्टरनं सांगतलं वाचतो म्हणून." मग म्हणाला, "मीच रडत होतो, मॅडम. थे नव्हती रडत."

माझं ते 'हो' खोटं ठरलं होतं. त्याच्या बोलण्याने ते खरं झालं नाही, आणि मी तसं मानूनही घेतलं नाही. पण इतके महिने मी ज्या गाडीमागे मनाने धावत होते ती गाडी त्या दिवशी कुठेतरी थांबली.

घरी आईने विचारलं. मी म्हणाले, "हो. आज आहे एक." आईने कोण ते विचारलं नाही. तिने पाण्याचं दुसरं भांडं चुलीवर ठेवलं, आणि मी चुलीपाशी तिच्या शेजारी बसून पहिल्यांदा त्या बाईबद्दल तिला सांगितलं. दुसऱ्या दिवसापासून, कोणी गेलं नसेल तेव्हा, मी पुन्हा नुसतं अंगावरून पाणी घेऊ लागले.

आता पुढे पाठवलेल्यांपैकी जमेल तेवढ्यांची मी चौकशी करते. इन्चार्ज सिस्टरांनी त्यासाठी दुपारचा अर्धा तास मोकळा करून दिला आहे. परवा छातीत दुखणाऱ्या एका आजोबांना ॲम्ब्युलन्समध्ये चढवताना त्यांनी मला विचारलं, "पोरी, वाचतो का मी?"

मी त्यांच्याजवळ वाकले. "मले माहीत नाही, आजोबा. पण तिथं चांगले डॉक्टर हायेत. आन् उद्या दुपारी मी तुमाले फोन करतो."

"मले? मा फोन तं सुनंपाशी राह्यते. थे कोणालेच देत नाही."

"मग सुनेचा नंबर सांगा."

त्यांनी ऑक्सिजनचा मास्क बाजूला सारला आणि एकेक आकडा सावकाश सांगू लागले.