हातोडीला न दचकणारं कुत्रं

"म्याडम, इंजेक्शन द्या आन् मोकळं करा," शाहूपुरीतले दुकानदार शेटे म्हणाले. त्यांचा दीड वर्षाचा डालमेशियन, रॉकी, तेव्हा माझा अ‍ॅप्रन चाटत होता. त्याचे गुन्हे दोन. हाक मारली तर येत नाही, आणि झोपेत हात लावला म्हणून शेट्यांच्या भावाला चावला.

मी कंपाउंडरला रॉकीच्या पाठीमागे स्टीलचा ट्रे पाडायला सांगितला. शेटे दचकले. रॉकी चाटत राहिला.

कुत्रं जन्मापासून बहिरं आहे, असं मी सांगितलं. शेट्यांना पटेना. शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीमालकाकडून त्यांनी तो पारखून आणला होता. पारख म्हणजे, मालक अण्णांनी पिल्लांच्या मागे लोखंडी पत्र्यावर हातोडी हाणली. बाकीची पळाली, हा हलला नाही. "अण्णा म्हणालं, काळीज वाघाचं हाय." त्या काळजापायी भावही चढा लागला होता.

डालमेशियनमध्ये जन्मजात बहिरेपणा बराच आढळतो. म्हणून शहाणा ब्रीडर बहिऱ्या कुत्र्याची पुढे पैदास करत नाही. हे ऐकून शेटे म्हणाले, मग तर इंजेक्शनच बरं. मी आठ दिवसांची मुदत मागितली. कुत्रं माझ्याकडे टाकून ते दुकान उघडायला गेले.

दुसऱ्या दिवशी रॉकीला घेऊन मी फाउंड्रीत गेले. फेटलिंगचं, म्हणजे ओतलेले पार्ट घासून साफ करण्याचं काम चालू होतं. त्या आवाजात वीस वर्षं काढलेला सदाशिव पिल्लांची टोपली घेऊन आला. त्याचे कान कधीच गेले होते. रॉकी त्याच्या हातवाऱ्यांकडे टक लावून बघत बसला.

अण्णांनी चहा मागवला आणि कौतुकानं हातोडी हाणली. सातातली चार पिल्लं पळाली. "ही भित्री. फुकट वाटतोय," अण्णा म्हणाले. तीन जागची हलली नाहीत, त्यांची गिऱ्हाइकं आधीच ठरली होती. आई राणी, रॉकीच्या वेतातली सगळ्यात धीट. बाप तिचाच सख्खा भाऊ, तोही धीट. मी राणीच्या मागे हातोडी हाणली. तिनं कानही हलवला नाही.

म्हणजे ऐकू येणारी पिल्लं फुकट वाटून हा माणूस मोठ्या निष्ठेनं बहिरेपणाची जात सुधारत होता.

"अण्णा, पोरीचं स्थळ बघताना देवक एक निघालं तर सोयरीक मोडता. आणि इथे सख्खा भाऊ?"

"ती माणसाची गोष्ट झाली की. हितं रक्त बाहेर जाऊ द्यायचं न्हाई. प्युअर हाईत ही."

मला भयंकर राग आला. तासभर समजावलं, राणीच्या नसबंदीचं ऑपरेशन फुकट करते, असंही मी म्हणाले. अण्णांनी आणखी एक चहा मागवला.

मग रॉकीसाठी दवाखान्याबाहेर बोर्ड लावला, 'चांगल्या घरी देणे आहे'. फोन भरपूर आले. एकानं जातीचं सर्टिफिकेट विचारलं. एकाला तो फक्त मेटिंगपुरता हवा होता, नंतर परत आणून देणार होता. मी रॉकीची नसबंदी केली आणि तसं बोर्डावर लिहिलं. फोन थांबले. सातव्या दिवशी एकच आला, शेट्यांचा. इंजेक्शन झालं का, म्हणून. त्या रात्री मला झोप लागली नाही.

आठव्या दिवशी सकाळी जेवणाचा डबा हातात घेऊन सदाशिव दारात उभा. कुत्रं बहिरं आहे, असं मी कागदावर लिहून दाखवलं.

"ठावं हाय," तो मोठ्यानं म्हणाला. "मी बी तसलाच. शेडात आमी समदी हातानंच बोलतो. द्या हिकडं."

तीन आठवड्यांनी तो रॉकीला लसीसाठी घेऊन आला. तळवा दाखवला की रॉकी बसायचा, दोन बोटं उचलली की उठायचा. झोपला असेल तर सदाशिव आधी जमिनीवर पाय आपटायचा, मगच हात लावायचा. माझे डोळे भरून आले.

संध्याकाळी अण्णांचा फोन आला. "म्याडम, सदाशिवचं कुत्रं लई हुशार निघालंय म्हणं. राणीला लावूया की."

त्याचं ऑपरेशन झालंय, असं मी सांगितलं.

"असलं रक्त वाया घालवलंसा," अण्णा म्हणाले.

तेव्हापासून माझा नियम ठरला. आधी ऑपरेशन, उपदेश मग.