स्पेनच्या अलीकडचे साठ किलोमीटर

सत्तेचाळिसाव्या वर्षी मी सायकल घेतली आणि घरात कुणीही विरोध केला नाही. ती सईसाठी आणली आहे असा सगळ्यांचा समज झाला होता.

सई म्हणजे माझी तेरा वर्षांची मुलगी. तिने एकदा सायकलीकडे पाहिलं, एकदा माझ्या पोटाकडे पाहिलं आणि विचारलं, "बाबा, इज इट फॉर यू? व्हाय?" हा प्रश्न पुढे बऱ्याच लोकांनी बऱ्याच भाषांत विचारला. मला अजून एकाही भाषेत उत्तर देता आलेलं नाही.

आम्ही शारजात, अल नहदाला राहतो. चौदावा मजला. लिफ्टमध्ये सायकल उभी धरल्याशिवाय मावत नाही (आणि सायकल उभी धरली की मी मावत नाही). मी दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्कातल्या एका कारखान्यात स्टोअर सांभाळतो. तिथल्या पिल्लईंनी हे सायकलचं खूळ आणलं. मे महिन्यात चौघांनी स्पेनला जायचं आणि आठवडाभर डोंगरातल्या खेड्यांतून सायकली चालवायच्या, असा त्यांचा बेत. त्यांनी मला फोटो दाखवले. चढाची अरुंद गल्ली, खिडक्यांत कुंड्या, आणि एका दारात बसून लसूण सोलणारी बाई. मी त्या बाईपाशीच अडकलो. एवढा लसूण कशाला लागतो? घरात माणसं किती? मागच्या अंधाऱ्या खोलीत काय असेल? दुसऱ्याच्या घरात डोकावायची मला लहानपणापासून फार हौस! तिला लोक प्रवासाची आवड म्हणतात, हे मला उशिरा कळलं.

"खेडी बघायचीत?" माझी बायको मेधा म्हणाली. "माझं माहेर खेडंच आहे. तिथेही लसूण सोलतात. तुम्ही तर दुसऱ्या दिवशी परतीच्या गाडीची चौकशी करता!"

"अगं, पण सायकलवरून बघायचीत."

"तुम्ही? परवा सिग्नलला उभ्या सायकलवरून पडलात तुम्ही!"

(हे खरं आहे. सिग्नल लाल होता. म्हणजे वाहतुकीला त्रास झाला नाही.)

शेवटी तिने अट घातली. "साठ किलोमीटर. इथल्या डोंगरात. माझ्या डोळ्यांदेखत. पाणी प्यायला थांबा, पण गाडीत बसायचं नाही. जमलं तर स्पेन. नाही जमलं तर सायकल विकायची आणि त्या कोपऱ्यात माझं कपाट परत ठेवायचं."

मी लगेच हो म्हणालो. स्पेन पाहायला मिळणार असेल तर माणूस साठ किलोमीटर काय, सहाशेलाही हो म्हणतो. चालवायला लागेपर्यंत फरक कळत नाही.

फेब्रुवारीतल्या एका शनिवारी सकाळी सात वाजता धैदच्या पुढच्या एका पेट्रोल पंपावरून आमची मोहीम निघाली. डोंगर पार करून पलीकडच्या पंपापर्यंत बरोबर साठ, असं सईने फोनवर मोजून ठेवलं होतं. पुढे मी. मागे आमची गाडी, चारही दिवे लुकलुकवत. चालवायला मेधा, शेजारी सई आणि मागच्या सीटवर व्हिजिट व्हिसावर कराडहून आलेली आई, मांडीवर पोळीच्या रोलचा डबा घेऊन. आईने माझी ती घट्ट चड्डी पाहिली, तोंड फिरवलं आणि एकच हट्ट धरला. "कानाला वारं लागंल. आधी कानटोपी घाल, मग ते टोपलं घाल!" म्हणून मी कानटोपीवर हेल्मेट घातलं होतं.

पहिले वीस किलोमीटर मी राजासारखा गेलो. रस्ता सपाट होता, हे मला नंतर कळलं. मग तपकिरी, उघडेबोडके डोंगर दोन्ही बाजूंनी जवळ आले आणि चढ लागला. मागून सूचना सुरू झाल्या.

"अहो, गियर बदला!" मेधा.

"बदललाय!"

"मग परत बदला!"

"बाबा, नाईन," सई खिडकीतून वेग सांगत होती. "नाऊ सेव्हन. नाऊ फाइव्ह. दॅट गोट इज फास्टर."

"लेका, रोल खातोस का रं?" आई.

अडतिसाव्या किलोमीटरला एक खेडं लागलं. दगडी कुंपणं, खजुराची बाग, पाण्याचा लहानसा पाट. हेच तर मला बघायचं होतं! पण डोळ्यांत घाम गेल्यामुळे मला फक्त पुढचं चाक दिसत होतं. मी हँडलवर वाकून कण्हत होतो. मागे मेधा हॉर्न वाजवून ओरडत होती, "थांबायचं नाही! चला! चला!"

तेवढ्यात एक म्हातारा एमिराती गृहस्थ बागेतून सरळ रस्त्यावर आला आणि हात आडवा करून उभा राहिला. पांढरी दाढी, पांढरा पायघोळ कंदुरा, हातात काठी.

"बस! खलास!" तो गरजला. मी थांबलो. खरं तर त्याच्या आधीच थांबलो होतो, फक्त पडलो नव्हतो. त्याने माझ्या दंडाला धरून मला उतरवलं आणि इथल्या जुन्या माणसांना येतं तसल्या हिंदीत हळूच विचारलं, "क्या मुश्किल? मदाम जालान?"

जालान म्हणजे रुसलेली, एवढं अरबी मला येतं. आणि एकदम माझ्या डोक्यात प्रकाश पडला. गार गाडीत बायको, मुलगी आणि आई. पुढे कानटोपी घातलेला एक माणूस सायकलवर कण्हतोय आणि बायको त्याला हॉर्न वाजवून हाकतेय. यांनी मला घरातून बाहेर काढलंय, असं त्या भल्या माणसाला वाटलं होतं!

"नो, नो! मैं खुशी से करता है!"

"खुशी?" त्याने माझा चेहरा न्याहाळला. "ये खुशी?"

मग तो गाडीच्या खिडकीशी गेला. "मदाम, इतना गुस्सा नहीं अच्छा. घर का आदमी है. मर जाएगा."

मेधाचा चेहरा लालबुंद झाला. "मी? मी पाठवलं यांना? अहो, सांगा ना त्यांना!"

मी सांगू लागलो. इस्बानियाला, म्हणजे स्पेनला जायचंय, तिथे डोंगर आहेत, खेडी आहेत. म्हाताऱ्याने शांतपणे ऐकून घेतलं. मग काठी उचलून समोरचा डोंगर दाखवला. मग आपलं गाव दाखवलं. आणि विचारलं, "ये क्या है?"

"हेच!" गाडीतून मेधा ओरडली. "हेच मी म्हणतेय!"

त्यांचं नाव अबू राशिद. आमचं भांडण मिटवल्याशिवाय सोडायचं नाही असं त्यांनी ठरवलं आणि आम्हाला अंगणात नेलं. सतरा वर्षं या देशात राहून मी पहिल्यांदाच एका एमिराती घराच्या कुंपणाच्या आत जात होतो. आणि गेलो तो घामाघूम, चड्डीत! झाडाखाली गालिचा अंथरला होता. आईने वर पाहिलं आणि चमकलीच.

"आरं, ही तर बोर हाय!" तिने खाली पडलेली बोरं वेचायला सुरुवात केली. अबू राशिदची बायको आतून खजूर घेऊन आली, ती आईशेजारी बसून बोरं वेचू लागली. मग दोघी शेळ्यांकडे वळल्या. आई मराठीत विचारत होती, ती अरबीत सांगत होती आणि कोणती शेळी दूध कमी देते यावर दोघींचं एकमत झालं. पुढे दोघींनी माझ्याकडे पाहून मान हलवली. तिथेही एकमत झालं असावं.

इकडे अबू राशिद मला कहवा देत होते. इवलासा कप, घोटभर कॉफी. मी संपवला. त्यांनी भरला. मी संपवला. त्यांनी भरला. पानात काही टाकायचं नाही, ही आमच्या घरची शिस्त. कुणाच्या दारात बसून कॉफी टाकायची? सातव्या कपाला माझे कान गरम झाले. नवव्याला हात थरथरायला लागले. अकराव्या कपाला सई म्हणाली, "बाबा, यू हॅव टू शेक द कप. दॅट मीन्स इनफ. वी लर्न्ट इट इन ग्रेड थ्री."

"मग आधी का नाही सांगितलंस?"

"आय वॉज काउंटिंग."

मी कप हलवला (तो आपोआप हलतच होता) आणि निघायला उठलो. म्हणजे उठायचं ठरवलं. दोन्ही मांड्यांत असे पेटके आले की मी "आई गं!" करून गालिच्यावर आडवा झालो. बावीस किलोमीटर बाकी होते. उताणं पडून मी बोरीकडे बघत राहिलो. स्पेन गेलं. लसूण सोलणारी बाई गेली. सोमवारी पिल्लईंना काय सांगू? मला खरोखर रडू येत होतं.

अबू राशिदनी दाढी कुरवाळली आणि निकाल दिला. "फिफ्टी-फिफ्टी. बाबा हो गया. अभी मदाम चलाएगा. घर में सुलह."

सगळे हसले. मेधा हसली नाही. ती सायकलीकडे बघत होती.

"सीट खाली होते का हो हिची?"

"मेधा, तू?"

"आठवी ते दहावी रोज सात किलोमीटर जात होते. मागे धाकटी बहीण आणि दोघींची दप्तरं." तिने ओढणी कमरेला घट्ट बांधली. "त्या सायकलला गियरच नव्हते, म्हणून भांडण नव्हतं."

अबू राशिदनी पिकअपमधून पान्यांचा अख्खा डबा आणला. सीट खाली झाली. आईने कानटोपी पुढे केली, ती मेधाने गुपचूप मला परत दिली. आणि ती निघाली. दहा पावलं डगमगली, मग वळणावरून अशी नाहीशी झाली की टाळ्या वाजवायचंही आमच्या लक्षात आलं नाही.

मागे गाडी घेऊन मी निघालो. बारा किलोमीटरही झाले नसतील, अकरा कप जागे झाले. रस्त्याकडेला मशीद दिसली, तिथल्या स्वच्छतागृहाकडे मी मांड्या धरून पळालो. परत आलो तर आई म्हणाली, "आता थांबलोच हाय तर मीबी जाऊन येते." ती आली तेव्हा सई गेली. सगळं मिळून वीस मिनिटं.

पुढचा रस्ता रिकामा होता. एक वळण झालं, दुसरं झालं, मेधा नाही. समोरून खडीचे ट्रक धडधडत येत होते. प्रत्येक ट्रक गेला की मी रस्त्याच्या कडेला बघायचो. तिचा फोन गाडीतच वाजत होता. आईने जप सुरू केला. सईने माझी बाही धरली. "बाबा, आई कुठाय?" एरवी 'गुड मॉर्निंग'लाही मराठीत उत्तर न देणारी माझी मुलगी मराठीत बोलली. मी फार घाबरलो होतो. ते स्पेन, ती सायकल, सगळं कुणीतरी परत घ्या आणि मला माझी बायको द्या, असं मनातल्या मनात म्हणत मी शेवटच्या पंपापर्यंत आलो.

मेधा पंपाच्या कट्ट्यावर बसून करक चहा पीत होती.

"किती वेळ!" ती म्हणाली. "मला वाटलं गाडी बंद पडली."

मी तिच्याकडे धावलो (म्हणजे लंगडलो). तिचे केस विस्कटले होते, एक चप्पल तुटली होती, आणि लग्नाच्या अल्बमातही दिसत नाही असा तिचा चेहरा फुलला होता.

"तो शेवटचा उतार आहे ना," ती हळू आवाजात म्हणाली, "तिथे मी ओरडले हो. मोठ्यांदा. किती वर्षांनी! कुणी नव्हतं ऐकायला." तिने चहाचा घोट घेतला. "स्पेनला उतार केवढे असतात?"

पुढचं सगळं भराभर झालं. पिल्लईंनी तिला दोनदा सोबत चालवून पाहिलं आणि तिसऱ्यांदा तिच्यामागे धापा टाकत आले. मंडळींचं सामान घेऊन मागून येणाऱ्या व्हॅनला चालवणारा माणूस हवाच होता, तो मी झालो. सईने आमचे व्हिसाचे फॉर्म भरले. प्रवासाचा हेतू, मेधा: खेळ. प्रवासाचा हेतू, मी: इतर. पुढच्या रेघेवर खुलासा: 'ही विल फॉलो हर इन द व्हॅन.'

काउंटरवरच्या बाईंनी ते वाचलं, काचेतून मला पाहिलं आणि मेधाला म्हणाल्या, "मॅडम, ड्रायव्हर का पेपर अलग लगता है."

"ड्रायव्हर नहीं, हस्बंड हैं," मेधा म्हणाली. मग माझ्याकडे वळून बघत तिने उदार मनाने पुढे जोडलं, "लेकिन गाड़ी अच्छी चलाते हैं."

मी ताठ उभा राहिलो. एकोणीस वर्षांच्या संसारात तिने चारचौघांत केलेलं माझं हे पहिलंच कौतुक होतं.